माणूस निवडता आला की शिक्का विकता येतो

ऐरोलीच्या एका वडिलांनी विचारलं आहे: "माझी मुलगी नुकतीच इमिग्रेशनमध्ये लागली आहे. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यामुळे पुढेमागे इकडे बदली मिळेल अशी तिला आशा आहे. पण पासपोर्टवाले पकडले, अमक्याने पैसे घेऊन खोट्या कागदांवर माणूस सोडला, अशा बातम्या वाचून धास्ती वाटते. असल्या खात्यांत हे प्रकार रोखायचे कसे? सगळीकडे कॅमेरे लावले आणि काउंटरवर मोबाईल बंद केले की भागतं का? आणि मुलीने स्वतःला कसं जपावं?"

मी केंद्र सरकारच्या नोकरीत बरीच वर्षं दक्षता शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांचे गैरव्यवहार तपासणाऱ्या शाखेत होते. आता निवृत्तीनंतर ठाण्यात, चरईला राहते. पासपोर्ट, व्हिसा, परदेशी नोकरीच्या परवानग्या अशा प्रकरणांत कधी चौकशी अधिकारी म्हणून बसले, कधी खात्याची बाजू मांडली. त्या अनुभवावर सांगते. कॅमेऱ्याने भागत नाही आणि मोबाईलबंदीनेही नाही. दोन्ही असावेत, पण मूळ दुसरीकडे आहे. अर्जदाराला आपला अधिकारी निवडता येता कामा नये, अधिकाऱ्याला आपला अर्जदार निवडता येता कामा नये, आणि नेहमीपेक्षा वेगळा कुठलाही निर्णय एकाच माणसाच्या हातून सुरू होऊन त्याच्याच हातून संपता कामा नये. एवढं नीट पाळलं तर लाच द्यायला तयार असलेल्यालाही पैसे नेमके कोणाला द्यायचे ते कळत नाही. हे पाळलं नाही तर शपथा, पोस्टर, ऑक्टोबरअखेरचा दक्षता सप्ताह, सगळं भिंतीवरच राहतं.

आधी लाचेचे दोन प्रकार वेगळे करू, कारण त्यांचे इलाज वेगळे आहेत. पहिला अडवणुकीचा. कागद पूर्ण आहेत, माणूस पात्र आहे, तरी "साहेब रजेवर आहेत", "हा दाखला चालत नाही" करत हेलपाटे घालायला लावायचे आणि मग चहापाण्याचा विषय काढायचा. इथे देणारा पिडलेला असतो, म्हणून तो तक्रार करतो आणि सापळा लागतो. सीबीआयच्या सापळ्यात नोटांना फिनॉल्फ्थॅलीन पावडर लावलेली असते. घेणाऱ्याचे हात सोड्याच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं. आपल्या राज्याचा लाचलुचपत प्रतिबंधक विभाग अँथ्रासीन वापरतो. ती अतिनील दिव्याखाली निळसर चमकते. पेपरात आपण वाचतो ती बहुतेक प्रकरणं या प्रकारातली.

दुसरा प्रकार संगनमताचा. कागद कच्चे आहेत किंवा खोटेच आहेत, माणूस पात्र नाही, आणि पैसे घेऊन त्याचं काम करून दिलं जातं. इथे देणारा खूश, घेणारा खूश, मधला एजंट सर्वांत खूश. तक्रार करायला कोणीच उरत नाही. दक्षता शाखा तक्रारपेटी उघडून बसली असेल तर हा प्रकार तिला वर्षानुवर्षं दिसणार नाही, आणि वरिष्ठ मात्र सांगत राहतील की आमच्याकडे एकही तक्रार नाही. इमिग्रेशनमध्ये घाबरायचं ते या दुसऱ्या प्रकाराला.

यात नुकसान कोणाचं होतं, असं विचारणारे सुशिक्षित लोकही मला भेटले आहेत. म्हणून एक उदाहरण. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर साधारणपणे 'ईसीआर'चा, म्हणजे नोकरीसाठी परदेशी जाण्याआधी तपासणी आवश्यक असल्याचा शेरा असतो. अशा माणसाला आखाती देशांसह ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जायचं तर १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परवानगी लागते, आणि घरकामासाठी जाणारी बाई ३० वर्षांच्या आतली असेल तर ती मिळत नाही. हे नियम तिला अडवायला केलेले नाहीत; तिकडे गेल्यावर पासपोर्ट काढून घेतला, पगार दिला नाही, कोंडून ठेवलं, तर तिच्यामागे कोणीतरी उभं असावं म्हणून केलेले आहेत. एजंट काय करतो? तिला पर्यटक व्हिसावर पाठवतो. हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट, सगळं दाखवण्यापुरतं. काउंटरवरच्या माणसाने दोन प्रश्न विचारले तरी उलगडा होतो. ते दोन प्रश्न न विचारण्याचे पैसे दिले जातात. अशा बाईची कैफियत ज्याने एकदा कागदावर उतरवून घेतली आहे, त्याला या लाचेत नुकसान कोणाचं हे पुन्हा समजावून सांगावं लागत नाही.

आता निवडीचा मुद्दा. पासपोर्टचं काम पूर्वी खिडकीवर चालायचं. कुठल्या खिडकीवर कोण बसतो हे कार्यालयाबाहेरच्या प्रत्येक एजंटाला पाठ असायचं आणि तो अर्जदाराला बरोब्बर त्या खिडकीवर नेऊन उभा करायचा. पासपोर्ट सेवा केंद्रं आली आणि ही साखळी बरीच तुटली. तुम्ही वागळे इस्टेटच्या केंद्रात गेला असाल तर पाहिलं असेल: टोकन मिळतं, 'ए' काउंटरवर टीसीएस या खासगी कंपनीचे कर्मचारी कागद स्कॅन करतात, फोटो आणि बोटांचे ठसे घेतात, मग 'बी' वर सरकारी कर्मचारी पडताळणी करतो आणि 'सी' वर मंजुरी देणारा अधिकारी बसतो. कुठल्या क्रमांकाच्या काउंटरला जायचं ते फलकावर आयत्या वेळी झळकतं. फी ऑनलाइन, वेळ ऑनलाइन. तीन वेगळे लोक, त्यांपैकी कोणीच अर्जदाराने निवडलेला नाही. माझ्या मते भ्रष्टाचाराविरुद्धच्या भाषणांनी जे झालं नाही ते या टोकनच्या फलकाने केलं.

तरीही जून २०२४ मध्ये सीबीआयने लोअर परळ आणि मालाड इथल्या पासपोर्ट सेवा केंद्रांशी संबंधित १२ गुन्हे नोंदवले. एकूण ३२ आरोपी, त्यांत १४ पासपोर्ट खात्याचे आणि १८ एजंट. मुंबई आणि नाशिकमध्ये ३३ ठिकाणी झडत्या झाल्या. अधिकारी एजंटांच्या सतत संपर्कात होते आणि अपुऱ्या किंवा बनावट कागदांवर पासपोर्ट दिले गेले, असा आरोप आहे. दोष ठरवणं न्यायालयाचं काम आहे. मला त्यातली आकड्यांची ठेवण महत्त्वाची वाटते: खात्याच्या माणसांपेक्षा बाहेरचे जास्त. कुठल्याही रांगेला एक बाजूचं दार असतंच. तातडीचं प्रकरण, आजारी माणूस, राहून गेलेला कागद, वरिष्ठाच्या परवानगीने आत घेतलेला अर्जदार. ही दारं माणुसकीसाठी लागतात, ती बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्या दाराने आत गेलेल्या प्रत्येक माणसाची वेगळी नोंद हवी आणि ती नोंद दुसऱ्याच कार्यालयातल्या कोणीतरी दर महिन्याला वाचायला हवी. रांगेतल्या हजार अर्जांपेक्षा बाजूच्या दाराचे पन्नास अर्ज जास्त बोलतात.

ते कसे बोलतात ते एकदा जवळून दाखवते. कागदी फायलींच्या काळातली गोष्ट, एका कार्यालयातली. मंजूर झालेल्या फायली आम्ही तारखेप्रमाणे न लावता अधिकाऱ्याप्रमाणे लावल्या. एका गठ्ठ्यात भाडेकरार काढून शेजारी शेजारी ठेवले. नोटरी एकच. यात गैर काही नाही, कोर्टाबाहेर बसणाऱ्या नोटरीकडे अर्धं गाव जातं. पण नोटरीच्या रजिस्टरचे अनुक्रमांक लागोपाठ होते. चार भाडेकरू, चार घरमालक, एकमेकांशी काही संबंध नाही, आणि सगळे एकाच सकाळी एकामागून एक त्याच नोटरीसमोर. दोन करारांवर साक्षीदारांची नावं वेगळी, पण सहीतल्या 'र'चं वळण तेच. पर्यायी संपर्काच्या रकान्यात एकच मोबाईल क्रमांक तीन अर्जांवर. पत्ता एकाच चाळीचा, खोलीचा क्रमांक तेवढा पुढे सरकलेला. यातली कुठलीही फाईल सुटी तपासली असती तर कोणीही 'योग्य' असा शेरा मारला असता. खोट फायलीत नव्हती, फायलींच्या शेजारात होती.

म्हणून तपासणीची पद्धत बदलायला हवी असं मी नोकरीतही सांगत आले. आपली सगळी दक्षता नाकारलेल्या अर्जांभोवती फिरते, कारण ज्याचा अर्ज नाकारला तो ओरडतो. पाहायला हवेत ते मंजूर झालेले अर्ज. दर महिन्याला यदृच्छेने काही मंजूर प्रकरणं उचलायची आणि ती वेगळ्या शहरातल्या अधिकाऱ्याने पहिल्यापासून तपासायची. आज सगळं संगणकावर आहे. एकच मोबाईल, एकच ईमेल, एकच पत्ता, एकाच अर्जदाराची पुन्हा पुन्हा एकाच अधिकाऱ्याशी गाठ, हे शोधायला आता रात्रभर फायली पसराव्या लागत नाहीत.

या बाबतीत सर्वांत शिकवून जाणारं प्रकरण परदेशातलं आहे. व्हिएतनाममध्ये हो ची मिन्ह सिटीच्या अमेरिकन वाणिज्य वकिलातीत मायकेल सेस्टॅक नावाचा अधिकारी व्हिसा विभागाचा प्रमुख होता. सुमारे ५०० व्हिसांसाठी त्याने ३० लाख डॉलरहून अधिक लाच घेतली आणि तो पैसा थायलंडमध्ये घरं घेण्यात घातला. २०१३ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला, २०१५ मध्ये त्याला ६४ महिन्यांची शिक्षा झाली. त्या खटल्याच्या कागदांतली एक तुलना मी प्रशिक्षणात नेहमी सांगायचे: २०१२ च्या उन्हाळ्यात ती वकिलात १०० पैकी साधारण ३५ अर्ज नाकारत होती आणि हा गृहस्थ जेमतेम ८. हे आकडे पहिल्या महिन्यापासून त्यांच्याच संगणकात होते. पण चौकशी सुरू झाली ती बाहेरून आलेल्या खबरीवरून. आकडे होते, ते वाचणं कोणाचंच काम नव्हतं. आणि तो स्वतःच विभागप्रमुख होता. म्हणजे आकडे वाचायचेच झाले असते तर त्यानेच वाचायचे होते. म्हणून म्हणते, देखरेख करणाऱ्याच्या स्वतःच्या मंजुऱ्याही दुसऱ्या कोणीतरी तपासायला हव्यात.

आता विमानतळाकडे येते, कारण तुमचा प्रश्न तिथला आहे. उलव्याचा, म्हणजे नवी मुंबईचा, विमानतळ ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन होऊन २५ डिसेंबरपासून सुरू झाला. नव्या विमानतळाचा एक मोठा फायदा असतो: जुनी सेटिंग नसते. कोणाची कोणाशी ओळख, कुठल्या पाळीत कोण 'आपला', हे अजून ठरलेलं नसतं. पहिल्या वर्षी ज्या सवयी लागतील त्या पुढे पंधरा वर्षं चालतील. त्यामुळे शिस्त लावायची ती आत्ताच.

काउंटरवर चुकीचं काम कसं होतं? चित्रपटातल्यासारखी नोटांची पाकिटं तिथे फिरत नाहीत. पैशाचा व्यवहार बाहेर, आधीच झालेला असतो. प्रवाशाला फक्त सांगितलेलं असतं की सात नंबरला जा, किंवा साडेतीननंतरच रांगेत उभा राहा. म्हणून कोण कुठल्या काउंटरवर बसणार हे पाळी सुरू होताना चिठ्ठ्या टाकून किंवा संगणकाने ठरावं, आणि पाळीच्या मध्यात न सांगता बदलावं. प्रवाशाला कुठे पाठवायचं ते रांगेच्या तोंडाशी ठरावं. शिक्क्यांना क्रमांक असावेत, पाळी संपली की ते मोजून कुलपात जावेत, आणि त्या क्रमांकाने मारलेले शिक्के आणि संगणकातल्या नोंदी यांचा रोज मेळ घ्यावा. यंत्राने लाल खूण दाखवली, मग तो लुकआउट सर्क्युलर, म्हणजे या माणसाला अडवा अशी तपास यंत्रणेची सूचना असो, की चेहरा न जुळणं, ती बाजूला सारून प्रवाशाला सोडायचं तर दुसऱ्या अधिकाऱ्याचं स्वतंत्र लॉगिन लागावं आणि कारण लिहावं लागावं. "नाव जुळलं पण जन्मतारीख वेगळी" एवढी एक ओळही पुढे खूप कामाला येते.

आणि पासवर्ड. या एका गोष्टीवर मी थांबणार आहे, कारण चौकश्यांमध्ये माझी जितकी प्रकरणं ढासळली त्यांतली बरीच इथे ढासळली. पहाटे तीन मोठी विमानं एकदम उतरतात, रांग मागे दरवाजापर्यंत जाते, एक जण स्वच्छतागृहात जातो, त्याचं यंत्र चालूच असतं, शेजारचा त्यावर बसून रांग संपवतो. हेतू चांगला असतो. मग काही महिन्यांनी कळतं की त्या लॉगिनवरून एक खोटा पासपोर्ट पास झाला आहे. ज्याचं लॉगिन तो म्हणतो मी जागेवर नव्हतो, शेजारचा म्हणतो मला आठवत नाही, पर्यवेक्षक म्हणतो आमच्याकडे असंच चालतं. तिन्ही उत्तरं खरी असू शकतात. चौकशी अधिकाऱ्याच्या हातात काहीही राहत नाही आणि निर्दोष माणसावर मात्र कायमचा संशय राहतो. बोटाच्या ठशावर उघडणारं लॉगिन, खुर्ची सोडली की काही सेकंदांत बंद होणारा पडदा आणि गर्दीच्या वेळेसाठी खरोखर पुरेशी माणसं, या तिन्ही गोष्टी एकत्र लागतात. माणसं न देता नुसतं लॉगिन कडक केलं तर कर्मचारी त्यातूनही वाट काढतात. रांग पुढे सरकवण्याचा दबाव त्यांच्यावरच असतो.

कॅमेऱ्याबद्दल तुम्ही मुद्दाम विचारलंत. कॅमेरा संशय आल्यानंतर खात्री करायला उत्तम. संशय निर्माण करायला निकामी. पन्नास काउंटरांचं चित्रण कोणी बसून पाहत नाही, आणि ठरावीक दिवसांनी ते पुसलं जातं. ज्या दिवशी लाल खूण बाजूला सारली गेली, त्या मिनिटाचं चित्रण आपोआप वेगळं जपून ठेवलं जाईल अशी सोय केली तर कॅमेऱ्याचा पैसा वसूल होतो.

जून २०२४ पासून दिल्लीत आणि जानेवारी २०२५ पासून मुंबईतही विश्वासू, म्हणजे आधी नोंदणी आणि पडताळणी झालेल्या प्रवाशांसाठी स्वयंचलित दरवाजे आले आहेत. चांगली गोष्ट आहे. पण सरळ प्रवासी यंत्राने गेले की काउंटरवर उरतात ते अवघड प्रवासी, म्हणजे जिथे अधिकाऱ्याचा विवेक लागतो ते. काउंटर कमी झाले म्हणून धोका कमी झाला असं समजू नये. तो थोड्या खुर्च्यांवर एकवटतो. त्यात १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या इमिग्रेशन आणि परदेशी नागरिकविषयक नव्या कायद्याने बनावट पासपोर्ट किंवा व्हिसा वापरण्याला दोन ते सात वर्षं कैद आणि एक ते दहा लाख दंड ठेवला आहे. शिक्षा वाढावी हे योग्यच. पण पकडले जाण्याची किंमत वाढली की सुटकेचा भावही वाढतो, हे दक्षतेच्या माणसाने विसरू नये.

बदल्यांबद्दल थोडक्यात. संवेदनशील जागांवर माणूस दोन-तीन वर्षांहून जास्त ठेवू नये, हे केंद्रीय दक्षता आयोगाचं धोरण जुनंच आहे आणि ते पाळायलाच हवं. मात्र अधिकारी बदलतो तेव्हा कोण बदलत नाही, ते पाहा. कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर तोच. फाईल आणणारा शिपाई तोच. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातला, जो फॉर्मही भरून देतो, तोही तोच. नव्या साहेबाची चहाची वेळ, मुलाची शाळा, गृहकर्जाचा हप्ता, सगळं आठवड्याभरात या मंडळींकडून एजंटापर्यंत पोचतं. कंत्राटी माणसं वाईट असतात असं मी म्हणत नाही. बारा-पंधरा हजारांवर राबणाऱ्या त्या मुलांबद्दल मला आस्थाच आहे. पण ज्याला नोकरीची हमी नाही, पगार वेळेवर नाही आणि ज्याच्या हातात कोणाचीही माहिती आहे, त्याला तसाच ठेवून वरच्या साहेबांची तेवढी बदली करायची, याला प्रतिबंध म्हणत नाहीत. त्यांचा पगार वेळेवर व्हावा, त्यांना दिसणारी माहिती कामापुरतीच असावी, आणि त्यांचीही जागा फिरती असावी.

दुसऱ्या बाजूची काळजीही बोलून दाखवते. मंजुऱ्यांवर नजर ठेवा म्हटलं की भित्रा अधिकारी सगळंच नाकारायला लागतो. त्याचा फटका बसतो दिवा, मुंब्रा, कळव्याच्या भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांना. त्यांचे कागद खरे असतात, पण नावाचं स्पेलिंग आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. अकरा महिन्यांनी पत्ता बदलतो. दोनदा परत पाठवलं की असा माणूस नाइलाजाने एजंटाकडे जातो, आणि मग आपणच एजंटाला गिऱ्हाईक पुरवलेलं असतं. म्हणून नाकारताना कारण लेखी, नेमकं आणि एकाच वेळी सगळं सांगायचं; दुसऱ्या खेपेला नवीन त्रुटी काढायची नाही. हा एक नियम कडकपणे राबवला तर ठाणे-नवी मुंबईतले निम्मे एजंट दुसरा धंदा शोधतील असं मला मनापासून वाटतं. प्रामाणिक चूक आणि विकलेला निर्णय यांतला फरकही दक्षता शाखेला करता यायला हवा. विभागीय चौकशी वर्षानुवर्षं रेंगाळली की दोषी माणूस निवांत असतो आणि निर्दोष माणूस झिजतो.

आतली बातमी देणाऱ्याला संरक्षण नसेल तर वरचं काहीच चालत नाही. संगनमत उघडं पडतं ते बहुतेक वेळा शेजारच्या टेबलावरच्या माणसामुळे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले अभियंते सत्येंद्र दुबे यांनी गैरव्यवहार कळवले आणि नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्यांचा खून झाला. त्यानंतर २००४ मध्ये केंद्राने जनहितार्थ माहिती देणाऱ्यांसाठीचा ठराव केला, ज्याला सरकारी कार्यालयांत 'पिडपी' म्हणतात. यात तक्रार बंद पाकिटात केंद्रीय दक्षता आयोगाच्या सचिवांच्या नावे पाठवायची, पाकिटावर ती 'पिडपी'खालची तक्रार असल्याचं लिहायचं आणि आपलं नाव पाकिटावर न घालता आतल्या पत्रात द्यायचं. आयोग नाव गुप्त ठेवतो. निनावी तक्रार इथे चालत नाही. २०१४ मध्ये याविषयीचा स्वतंत्र कायदा संसदेने केला, पण तो अजून अमलात आणलेला नाही, आणि ही गोष्ट मला फार लागते. तोवर निदान हा ठराव तरी प्रत्येक कार्यालयाच्या फलकावर मराठीत लावलेला असावा.

तुमच्यासारख्या सामान्य वाचकाचा संबंध येतो तो पोलीस पडताळणीशी. पासपोर्टची फी, ३६ पानांसाठी १,५०० रुपये आणि तत्काळ हवा असेल तर वर २,०००, तुम्ही ऑनलाइन भरलेली असते. पडताळणीला वेगळा पैसा नाही. घरी आलेला किंवा पोलीस ठाण्यात बोलावणारा हवालदार असो की वरचा अधिकारी, त्याला काही देणं लागत नाही. मागितलेच तर वाद घालू नका, "घरच्यांना विचारून सांगतो" म्हणा आणि १०६४ वर फोन करा. तो राज्याच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक आहे. केंद्राचा कर्मचारी असेल तर सीबीआय किंवा दक्षता आयोग. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही गुन्हा आहे, पण बळजबरीने द्यावी लागली आणि सात दिवसांत कळवलं, तर देणाऱ्याला संरक्षण मिळतं. आधी कळवून सापळ्यासाठी दिली तरीही मिळतं. तक्रारदार पुढे साक्षीत उलटला किंवा वारला तरी परिस्थितीजन्य पुराव्यावर शिक्षा होऊ शकते, हेही सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

राहिली तुमची मुलगी. तिला पहिली भेट पैशाच्या रूपात येणार नाही. एखादा ट्रॅव्हलवाला "मॅडम, आईबाबांना अष्टविनायक करवून आणतो" म्हणेल, किंवा घराच्या डिपॉझिटला हातउसने देईल. कर्ज असेल तर ते बँकेचंच असू द्या, आणि घर घेताना खात्याला नियमाप्रमाणे कळवू द्या; दरवर्षी ३१ जानेवारीपर्यंत भरायचं स्थावर मालमत्तेचं विवरण तिने घाईत उरकू नये. स्वतःचं लॉगिन सख्ख्या मैत्रिणीलाही देऊ नये. आणि वरिष्ठ तोंडी म्हणाले, "हा आपला माणूस आहे, सोड", तर केंद्रीय सेवेचे १९६४ चे वर्तणूक नियम तिच्या बाजूने आहेत: वरिष्ठाने आदेश साधारणपणे लेखी द्यायचा असतो, तोंडी दिला तर नंतर लेखी पुष्टी द्यायची असते, आणि कनिष्ठाने ती मागायची असते. ती मागणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. "सर, सिस्टीममध्ये तुमच्या लॉगिनने टाका, मी लगेच करते," एवढं शांतपणे म्हणायला तिने आत्तापासून शिकावं. पाळी संपल्यावर घरी न जाता आधी कार्यालयीन नोंदवहीत तारीख, वेळ, काउंटरचा क्रमांक, कोण काय म्हणालं आणि तिने काय केलं, हे चार ओळींत लिहून खाली सही करावी.